फक्त आठ आकडे: एका डिग्री क्रमिकेचं प्रकरण

आठ जणांचा एक गट आहे. गटाबाहेरच्या एका प्रमुखाला हे जाणून घ्यायचंय की या आठांमध्ये कामाची सरमिसळ कितपत झाली आहे. कोणी कोणाबरोबर काम केलं हे मात्र उघड करायचं नाही, त्यातून मनं दुखावतात. म्हणून त्यानं प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: बाकीच्या सात जणांपैकी किती जणांबरोबर तुम्ही आजवर जोडीनं काम केलंय? नावं नकोत, फक्त आकडा. सगळे आकडे सदस्यांसमोर फळ्यावर लावायचे असं ठरलं, कारण नुसत्या आकड्यांवरून कोणाची जोडी कोणाशी होती हे कळणार नाही असा त्याचा समज होता.

हा समज कितपत खरा आहे, हेच या प्रकरणात तपासायचं आहे. आकडे मी बेतून घेतले आहेत. सगळ्या शक्यता कागदावर हातानं मोजून दाखवता याव्यात, एवढाच त्यामागचा हेतू. निष्कर्ष काढायची रीत मात्र गट केवढाही असला तरी तीच.

आलेली यादी अशी: अ ७, ब ६, क ६, ड ५, इ ३, फ ३, ग २, ह २.

ग्राफच्या भाषेत माणूस म्हणजे शिरोबिंदू, जोडीनं झालेलं काम म्हणजे दोन शिरोबिंदूंना सांधणारी कड, आणि माणसानं दिलेला आकडा म्हणजे त्या शिरोबिंदूची डिग्री. उतरत्या क्रमानं लिहिलेले हे आकडे म्हणजे डिग्री क्रमिका. इथे ग्राफ साधा आहे: कोणी स्वतःशी जोडी करत नाही, आणि दोघांनी एकत्र दहा कामं केली तरी कड एकच. जिच्यासाठी असा निदान एक ग्राफ काढता येतो ती क्रमिका ग्राफिक.

यादी खरी असू शकते का?

पहिली तपासणी बेरजेची. प्रत्येक कड दोन्ही टोकांना एकेकदा मोजली जाते, म्हणून डिग्रींची बेरीज नेहमी कडांच्या दुप्पट, म्हणजे सम, असलीच पाहिजे. ऑयलरनं १७३६ मध्ये क्योनिग्सबर्गच्या सात पुलांचा प्रश्न सोडवला त्यात हे आलंय: तिथल्या चार भूभागांच्या डिग्री ५, ३, ३, ३, बेरीज १४, पूल ७. (तो ग्राफ साधा नाही, दोन भूभागांमध्ये एकाहून जास्त पूल आहेत. साध्या ग्राफमध्ये चार शिरोबिंदूंपैकी एकाची डिग्री ५ असणं शक्यच नाही.) आपल्या यादीची बेरीज ३४. सम आहे. कोणाचाही आकडा सातापेक्षा मोठा नाही. अ म्हणतो मी सगळ्यांबरोबर काम केलं, आणि यादीत शून्य कोणाचंच नाही, म्हणजे तिथेही विसंगती नाही. वरवर पाहता यादी निर्दोष दिसते, आणि बहुतेक ठिकाणी तपासणी इथेच थांबते.

पुढची तपासणी हावेल आणि हकिमी यांची. हावेलनं ती १९५५ मध्ये चेक भाषेतल्या लेखात मांडली, हकिमीनं १९६२ मध्ये स्वतंत्रपणे. रीत सोपी आहे: सगळ्यात मोठा आकडा काढा, तो जितका असेल तितक्या पुढच्या मोठ्या आकड्यांतून एकेक वजा करा, पुन्हा उतरत्या क्रमानं लावा, असंच करत जा. शेवटी सगळी शून्यं उरली तर क्रमिका ग्राफिक, वाटेत अडलात तर नाही. इथे ७ काढल्यावर उरतात ५, ५, ४, २, २, १, १. पुढचा ५ काढल्यावर क्रम लावून ४, ३, १, १, १, ०. मग ४ काढला की २, ०, ०, ०, ०. इथे दोन हवेत आणि द्यायला कोणीच नाही. यादी अशक्य.

उत्तर मिळालं, पण का अशक्य हे कळलं नाही. चूक कुठे शोधायची याचा माग ही रीत देत नाही, म्हणून मला इथे एर्डिश आणि गलाई यांची कसोटी जास्त जवळची वाटते. १९६० मध्ये त्यांनी ती हंगेरियन भाषेत प्रसिद्ध केली. पहिल्या चौघांकडे बघा. त्यांचे आकडे ७ + ६ + ६ + ५ = २४. चौघांमध्ये आपसात जास्तीत जास्त सहा जोड्या होतात, त्या दोन्ही बाजूंनी मोजून १२. उरलेल्या १२ जोड्या खालच्या चौघांशी असल्या पाहिजेत. पण खालच्या चौघांचे आकडे मिळून ३ + ३ + २ + २ = १०. बारा जोड्यांना दहाच जागा आहेत. दोनाची तूट, आणि ती कशानंही भरून निघत नाही.

हाच हिशेब वरच्या कितीही जणांसाठी मांडता येतो. पहिले क जण घेतले तर, हा क संख्या आहे, माणूस नव्हे, त्यांच्या आकड्यांची बेरीज क × (क − १) अधिक खालच्यांकडून मिळू शकणाऱ्या जागा यांहून मोठी असता कामा नये. खालचा एक माणूस जास्तीत जास्त क जागा देतो, किंवा त्याचा आकडा लहान असेल तर तेवढ्याच. ही अट आवश्यक आहे हे दोन मिनिटांत पटतं. प्रत्येक क साठी ती पाळली गेली आणि बेरीज सम असली की ग्राफ नक्की असतो, हा मात्र खरा प्रमेयाचा भाग आहे, आणि तो सिद्ध करायला कष्ट पडतात. चौडम यांनी १९८६ मध्ये त्याची विगमनानं दिलेली सोपी सिद्धता अभ्यासक्रमात शिकवण्याजोगी आहे. अमिताभ त्रिपाठी आणि सुजीत विजय यांनी २००३ मध्ये दाखवलं की समान आकड्यांचा गट जिथे संपतो तिथेच अट तपासली तरी पुरे. आपल्या यादीत पहिल्या, तिसऱ्या आणि चौथ्या माणसापाशी तपासलं की झालं. पाचव्यापासून पुढे तपासायची गरजच नाही, कारण त्याचा आकडा चारापेक्षा लहान आहे.

चूक कोणाची?

इथे गणित स्पष्टपणे हात वर करतं, आणि ते समजून घेणं महत्त्वाचं आहे. तूट दोनाची आहे एवढं कळलं. एकाच माणसाचा आकडा एकानं बदलून भागत नाही, कारण मग बेरीज विषम होते. वरच्या चौघांतून दोन कमी करा, किंवा खालच्या चौघांत दोन वाढवा. इ आणि फ यांनी तीनऐवजी चार सांगायला हवं होतं असं धरलं तर ७, ६, ६, ५, ४, ४, २, २ ही क्रमिकाही व्यवस्थित ग्राफिक आहे. म्हणजे वरच्यांनी फुगवून सांगितलं की खालच्यांनी विसरून कमी सांगितलं, याचा निवाडा आकड्यांतून होत नाही. मोठे आकडे देणाऱ्यांवर आधी संशय घेण्याचा मोह होतो. त्याला आधार नाही.

म्हणून पुन्हा विचारणं हाच मार्ग. या प्रकरणात उलगडा साधा निघाला: क आणि ड यांनी मोजताना स्वतःलाही धरलं होतं. क ५ झाला, ड ४ झाला. नवी यादी:

अ ७, ब ६, क ५, ड ४, इ ३, फ ३, ग २, ह २. बेरीज ३२, म्हणजे एकूण १६ कडा.

हावेल-हकिमीनं पाहिलं तर ७ नंतर ५, ४, ३, २, २, १, १, मग ३, २, १, १, १, ०, मग १, १, ०, ०, ०, आणि शेवटी सगळी शून्यं. यादी शक्य आहे. प्रमुखाच्या दृष्टीनं काम संपलं. माझ्या दृष्टीनं प्रकरण इथून सुरू होतं.

आकडे काय उघड करतात

एर्डिश-गलाईची चौथी अट पुन्हा लावू. वरच्या चौघांची बेरीज २२. आपसात जास्तीत जास्त १२, खालून जास्तीत जास्त १०. मिळून २२. अट पाळली गेली, पण काठोकाठ, एकही जागा शिल्लक न ठेवता.

काठोकाठ असण्याचा अर्थ असा की वरच्या चौघांमधल्या सहाच्या सहा जोड्या झालेल्याच आहेत. एक जरी नसती तर २२ भरले नसते. तसंच खालच्या चौघांच्या दहाच्या दहा जोड्या वरच्यांशीच आहेत. इ आणि फ यांनी एकमेकांबरोबर काम केलं असतं तर वरच्यांना जागा कमी पडल्या असत्या. म्हणजे खालच्या चौघांपैकी कोणत्याही दोघांनी कधीच एकत्र काम केलेलं नाही. हे कोणी विचारलं नव्हतं, कोणी सांगितलं नव्हतं, आणि तरी फळ्यावरच्या आठ आकड्यांतून ते कोणालाही सिद्ध करता येतं.

अशा ग्राफला स्प्लिट ग्राफ म्हणतात: शिरोबिंदूंचे दोन भाग, एकात सगळे एकमेकांना जोडलेले, दुसऱ्यात कोणीच कोणाला जोडलेलं नाही. हॅमर आणि सिमिओनी यांनी १९८१ मध्ये दाखवलं की ग्राफ स्प्लिट आहे की नाही हे निव्वळ डिग्री क्रमिकेवरून ठरतं, आणि त्यांची कसोटी म्हणजे हीच काठोकाठ समानता.

आता मोजदाद करू. आठ जणांमध्ये एकूण २८ जोड्या शक्य आहेत. अ चा आकडा ७, म्हणून त्याच्या सात जोड्या उघडच. ब-क, ब-ड, क-ड या तीन आणखी नक्की झाल्या. खालच्या चौघांमधल्या सहा जोड्या नक्की नाहीत. २८ पैकी १६ जोड्यांचं उत्तर एकही नाव न विचारता हाती आलं. यातल्या अ च्या सात कोणाच्याही लक्षात येतात. उरलेल्या नऊ फक्त हिशेब मांडणाऱ्याला दिसतात, आणि माझ्या मते खरा धोका त्या नऊंचा आहे, कारण फळ्यावर आकडे लावणाऱ्याला त्या दिसतच नाहीत.

त्रिकोणांचा आकडाही ठरून गेला आहे. वरच्या चौघांमध्ये चार त्रिकोण. खालच्या प्रत्येकाचे सगळे जोडीदार वरच्या चौघांतले, आणि ते एकमेकांना जोडलेले, म्हणून ३ डिग्रीच्या माणसामुळे तीन त्रिकोण, २ डिग्रीच्या माणसामुळे एक. एकूण ४ + ३ + ३ + १ + १ = १२. कुठलाही ग्राफ खरा असो, तिघांनी आपसात दोन-दोन करून काम केल्याची उदाहरणं बाराच.

उरलेल्या बारा जोड्या

मोकळ्या राहिल्या त्या ब, क, ड एका बाजूला आणि इ, फ, ग, ह दुसऱ्या बाजूला, अशा बारा जोड्या. अ ला बाजूला काढल्यावर ब ला खालच्यांपैकी तीन हवेत, क ला दोन, ड ला एक. इ आणि फ यांना प्रत्येकी दोन, ग आणि ह यांना प्रत्येकी एक. दोन बाजूंच्या अशा मागण्या कधी जुळतात याची कसोटी गेल आणि रायझर यांनी १९५७ मध्ये दिली. इथे त्या जुळतात, आणि किती प्रकारे जुळतात तेही हातानं मोजता येतं.

ब खालच्यांपैकी नेमका एक सोडतो. त्यानं इ ला सोडलं, तर इ चे दोन्ही जोडीदार क आणि ड हेच, आणि क चा दुसरा जोडीदार फ. एकच प्रकार. फ ला सोडलं तर इ-फ अदलाबदल करून तसाच एक. ब नं ग ला सोडलं, तर इ, फ, ग या तिघांना एकेक जोडीदार हवा. त्यातले दोन क घेतो, एक ड घेतो. तीन प्रकार. ह ला सोडलं तरी तीन. एकूण १ + १ + ३ + ३ = ८.

नुसत्या १६ कडा एवढंच माहीत असतं तर आठ नावांच्या शिरोबिंदूंवर ३,०४,२१,७५५ ग्राफ शक्य होते. आठ आकड्यांनी ते तीन कोटींवरून आठावर आणले. नावं पुसून फक्त आकार पाहिला तर इ-फ आणि ग-ह यांची अदलाबदल जमेस धरून तीनच वेगळे आकार उरतात.

या आठ ग्राफांमध्ये एकातून दुसऱ्यात जाण्याची एक ठरलेली चाल आहे. समजा क नं फ बरोबर आणि ड नं ग बरोबर काम केलंय. या दोन कडा काढून क-ग आणि ड-फ जोडा. चौघांचीही डिग्री तीच राहते, ग्राफ बदलतो. दोन कडांच्या अशा अदलाबदली एकामागून एक करत एकाच क्रमिकेच्या कोणत्याही ग्राफवरून दुसऱ्या कोणत्याही ग्राफपर्यंत पोहोचता येतं, हा या विषयातला एक फार उपयोगी निकाल आहे. दिलेल्या डिग्रींचे यादृच्छिक ग्राफ तयार करण्याच्या पद्धती त्यावर उभ्या आहेत.

आठही ग्राफ समोर ठेवून प्रत्येक जोडी किती ग्राफांत येते ते मोजलं, तर ब-इ आणि ब-फ आठपैकी सातांत, क-इ आणि क-फ सहांत, ब-ग आणि ब-ह पाचांत, ड-इ आणि ड-फ तिनांत, क-ग आणि क-ह दोनांत, आणि ड-ग, ड-ह फक्त एकेका ग्राफात. बारांपैकी एकही जोडी पूर्ण ठरलेली नाही, पण सगळ्या सारख्याच अंधारात आहेत असंही नाही.

हावेल-हकिमीच्या वापराबद्दल इथे एक इशारा द्यायला हवा. ती रीत ग्राफ आहे की नाही हे सांगतेच, शिवाय एक ग्राफ काढूनही देते. आपल्या यादीवर ती चालवली, आणि ग-ह मध्ये बरोबरी असताना ग ला आधी घेतलं, तर ब ला इ, फ, ग मिळतात, क ला इ, फ, आणि ड ला ह. ड-ह ही कड आठपैकी एकाच ग्राफात आहे, आणि रीतीनं नेमका तोच ग्राफ काढला. प्रोग्रॅमनं काढून दिलेलं चित्र पाहून कोणी “ड आणि ह नं एकत्र काम केलंय” म्हणालं, तर ते आठपैकी सात शक्यतांमध्ये खोटं ठरेल. रीतीत दोष नाही. तिनं एक नमुना दिला, तो खरा ग्राफ आहे असं ती कधीच म्हणत नाही.

तीच बेरीज, वेगळा शेवट

समजा वरच्या चौघांचे आकडे ७, ६, ५, ४ तेच राहिले, खालच्यांची बेरीजही १० च राहिली, पण वाटणी ३, ३, २, २ ऐवजी ४, ३, २, १ झाली. आता अ नंतर ब ला तीन, क ला दोन, ड ला एक हवा, आणि खालच्यांना अनुक्रमे ३, २, १, ०. इ ला तिघेही लागतात, त्यात ड संपला. फ ला ब आणि क. ग ला ब. संपलं. एकच ग्राफ, २८ च्या २८ जोड्या उघड. एर्डिश-गलाईच्या पहिल्या चारही अटी इथे काठोकाठ आहेत. अशा ग्राफांना थ्रेशोल्ड ग्राफ म्हणतात, आणि एका क्रमिकेला नावांसकट एकच ग्राफ असणं ही त्यांची ओळखच आहे.

खालचे आकडे जितके एकमेकांपासून दूर तितकी गुप्तता कमी, हे इथे नीट दिसतं. लहान गटांत तर धोका आणखी मोठा. चार शिरोबिंदूंपर्यंत जितके आकार तितक्याच डिग्री क्रमिका: चारासाठी ११ ग्राफ, ११ क्रमिका. म्हणजे चार जणांच्या गटात आकडे कळले की आकार कळलाच. पाचाला ३४ ग्राफ आणि ३१ क्रमिका, तिथे पहिल्यांदा काही क्रमिकांना एकाहून जास्त आकार मिळतात. सहाला १५६ आणि १०२, साताला १०४४ आणि ३४२.

गटातला माणूस

इथपर्यंतचा हिशेब बाहेरच्या माणसाचा होता. फळा वाचणारे मात्र गटातलेच आहेत, आणि प्रत्येकाला स्वतःचे जोडीदार माहीत आहेत. बाहेरच्याला हो-नाहीचे प्रश्न विचारून खरा ग्राफ शोधायचा असेल, तर प्रत्येक प्रश्नात एका जोडीबद्दल विचारून वाईटात वाईट परिस्थितीत चार प्रश्न लागतात. तीन पुरत नाहीत, कारण आठ शक्यतांचे चार-चार असे दोन भाग करणारी जोडीच या बारांत नाही. अ सोडून आतल्या कोणालाही इतकेही लागत नाहीत. अ ला स्वतःच्या जोडीदारांवरून नवं काहीच कळत नाही.

ड चं उदाहरण घ्या. त्यानं अ, ब, क बरोबर काम केलंय हे सगळ्यांनाच कळतं. त्याचा चौथा जोडीदार फक्त त्याला आणि त्या जोडीदाराला माहीत. तो इ असेल तर ड समोर तीन शक्यता उरतात, आणि त्या तिन्हींत ब-फ आणि क-फ या जोड्या नक्की असतात. तो ग असेल, तर एकच शक्यता उरते: ब नं इ, फ, ह बरोबर काम केलं, ग बरोबर नाही. क नं इ आणि फ बरोबर. ड नं फळ्याकडे एकदा पाहिलं की सगळ्यांचे सगळे जोडीदार त्याला माहीत, आणि ग लाही तेच कळतं, कारण ड आपला जोडीदार आहे हे तो जाणतोच.

प्रमुखाला सरमिसळ किती झाली एवढंच सांगायचं होतं. त्यासाठी “२८ पैकी १६ जोड्या झाल्या” हे एक वाक्य पुरतं. मोठ्या गटात आकडे लावायचेच असतील, तर आधी एर्डिश-गलाईच्या अटी तपासाव्यात. एखादी काठोकाठ निघाली की काही जोड्या उघड होणार हे ठरलेलं. एकही काठोकाठ निघाली नाही, तरी तेवढ्यानं निर्धास्त होऊ नये, गटातल्या माणसाच्या जागी बसून पुन्हा मोजावं. आपल्या प्रकरणात फक्त ते एक वाक्य फळ्यावर लावलं असतं, तर ड समोर स्वतःच्या सात जोड्या सोडून उरलेल्या २१ पैकी कोणत्या १२ झाल्या हा प्रश्न उरला असता, आणि त्याची शक्य उत्तरं २,९३,९३० आहेत.